ग्रीनहाऊसमधलं अंजीर महिनाभर अडून बसलंय!

काचघर | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बर्मिंगहॅमजवळ राहते. मागच्या अंगणात काचेचं छोटं ग्रीनहाऊस आहे, हीटर वगैरे काही नाही. त्यात टोमॅटो, मिरच्या आणि मोठ्या कुंडीत एक अंजीर, जात ब्राऊन टर्की. गेल्या वर्षीच्या काडीवर आलेली थोडी अंजिरं जुलैत पिकली, चवीला बरी होती. प्रश्न यंदाच्या नव्या फुटीवरच्या फळांचा आहे. मेमध्ये पानापानाच्या बेचक्यात एकेक अंजीर धरलं, जूनभर भराभर वाढलं, कागदी लिंबाएवढं झालं आणि तिथेच थांबलं. दगडासारखं कडक, हिरवंगार, आज महिना होत आला तरी जैसे थे.

शेजारचे आजोबा म्हणतात खत कमी पडतंय. सासूबाई सासवडच्या, त्या फोनवर म्हणाल्या, "पाणी तोड, बघ कशी पिकतात." कुठेतरी वाचलं की अंजिराला एक खास माशी लागते, ती काचेच्या आत कुठून येणार? दुपारी आत ३८ अंशांपर्यंत जातं, त्याचा त्रास होत असेल का? कोणी ग्रीनहाऊसमध्ये अंजीर केलंय का?

सूर्यफूल_७९ | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

माझीही अशीच अडली होती. ऑक्टोबरपर्यंत वाट पाहिली, मग हिरव्या अंजिरांचा मुरंबा केला. तीनदा पाणी बदलून उकळली की चीक जातो. मुरंबा मात्र झकास!

उंबराचंफूल | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

काचघर, झाडाला काही झालेलं नाही. अंजीर असंच वाढतं. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घे.

अंजीर म्हणजे आतल्या बाजूला वळलेला फुलोरा. आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं असतात आणि बाहेरच्या जगाशी संबंध फक्त टोकाच्या डोळ्यातून, म्हणजे तिथल्या बारीक छिद्रातून. त्याची वाढ एका सरळ रेषेत होत नाही, तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पेशी भराभर विभागतात आणि फळ डोळ्यांदेखत मोठं होतं. हा टप्पा साधारण पाच-सहा आठवड्यांचा. दुसऱ्या टप्प्यात बाहेरून काहीच दिसत नाही: आकार तोच, रंग तोच, कडकपणा तोच. आत मात्र फुलं परिपक्व होत असतात आणि ज्याला आपण अंजिराचं बी म्हणतो त्याचं कवच टणक होत असतं. हा थांबा तीन-चार आठवडे चालतो, थंड हवेत त्याहून जास्त. तुझी फळं आत्ता इथे आहेत.

तिसरा टप्पा एकदम सुरू होतो. फळातलं इथिलिन (फळ पिकवणारा वायू) वाढतं, श्वसन वाढतं, पेशी फुगतात, रंग चढतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंजिरातली साखर जवळपास सगळी, नव्वद टक्क्यांच्या आसपास, या शेवटच्या टप्प्यात भरते. सुक्या वजनाचाही सुमारे सत्तर टक्के भाग तेव्हाच येतो. म्हणजे आज झाडावर जे लटकतंय ते अजून बरंचसं रिकामं आहे.

यातून एक गोष्ट लक्षात ठेव. ती साखर येणार कुठून? पानांतून. फळांना ऊन मिळावं म्हणून ग्रीनहाऊसमध्ये लोक पानं ओरबाडतात, ते करू नकोस. ज्या बेचक्यात फळ आहे त्याच पेऱ्यावरचं पान त्याचं मुख्य पोशिंदं असतं. अगदीच दाटी झाली तर एखादी आडवी फांदी काढ, पण फळाजवळची पानं राहू देत.

माशीचं सावकाश लिहिते.

निळू_फिरस्ता | ४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

माशीचं लिहाच ताई. आमच्या घरी यावरून भांडण झालंय. भाऊ म्हणतो प्रत्येक अंजिरात एक मेलेली माशी असते, म्हणून अंजीर शाकाहारी नाही. आईनं तेव्हापासून अंजीर बर्फी बंद केलीय!

उंबराचंफूल | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

आईंना बर्फी सुरू करायला सांगा, निदान पुरंदरच्या अंजिराची तरी.

अंजिराचे ढोबळ प्रकार आहेत. स्मिर्ना प्रकाराला परागीभवन झाल्याशिवाय फळच टिकत नाही, ते हिरवं असतानाच गळून जातं. त्याला ती इवलीशी गांधीलमाशी लागते, ब्लास्टोफागा. ती जंगली नर अंजिरातून परागकण अंगावर घेऊन डोळ्यातून आत शिरते. तुर्कस्तानातलं सुकं अंजीर या प्रकारातलं. कॅलिफोर्नियात स्मिर्नाची झाडं लावली तेव्हा फळं नुसतीच गळत होती. १८९९ साली माशी तिथे रुजवली तेव्हा कुठे पीक हाती लागलं. आत गेलेली माशी मेली तरी फळातलं फिसिन नावाचं विकर तिचे बरेचसे घटक पचवून टाकतं, आणि चावताना जे कुरकुरतं ते बी असतं. त्याउपर ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरा प्रकार साधं अंजीर. हे परागीभवनाशिवाय फळतं. ब्राऊन टर्की यातलं, पुणेरी अंजीर यातलं, दिनकर आणि दिएना यातलंच. ग्रीनहाऊसमध्ये लावायचं ते हेच. तेव्हा काचघर, माशीची वाट पाहू नकोस.

बापू_सोनोरीकर | ४ ऑगस्ट, रात्री ८:५०

राम राम. पुरंदरात आमची पिढ्यांची अंजीर बाग आहे. सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे ताई, पण ते अर्धं तुमच्या आत्ताच्या कामाचं नाही.

आमच्याकडं पाणी तोडतात ते बहार, म्हणजे फळांचा हंगाम, धरायच्या आधी. मीठा बहार धरायचा तर पावसाळा सरताना बागेला ताण द्यायचा, पानगळ झाली की छाटणी, खत, मग पाणी. तिथून चार-साडेचार महिन्यांनी फळ हाताला येतं, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी. खट्टा बहाराचा ताण उन्हाळ्यात, छाटणी जूनमध्ये, त्याचा माल पावसाळा संपता संपता ते हिवाळ्यात. नावातच कळतं कुठला गोड ते. ताण हा झाडाला झोपवून एकदम जागं करायला असतो. फळ झाडावर असताना पाणी तोडलं तर ते लवकर पिकत नाही, पिवळं पडून गळतं. आणि मग घाबरून एकदम भरपूर पाणी दिलं की उरलेली फळं तडकतात. पाणी एकसारखं ठेवा. कुंडी आहे म्हणजे उन्हाच्या दिवसांत रोज बघावं लागणार.

फळ मध्येच गप बसतं हे आम्हालाही दिसतं, पण आम्ही त्याकडं लक्ष देत नाही. कारण बागेत खालचं फळ पिकत असतं, मधलं गप असतं, वरचं नुकतं धरलेलं असतं. एका काडीवर तिन्ही अवस्था. तुमच्याकडं एकच झाड म्हणून डोळ्यात भरतंय.

नागोयाचा_नाना | ५ ऑगस्ट, सकाळी ६:३०

धागा वाचून राहवलं नाही. कामानिमित्त बरीच वर्षं जपानात आहे, आइची नावाच्या प्रांतात. आइची आणि वाकायामा ही इथली अंजिराची मोठी नावं. ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांचं अंजिराचं ग्रीनहाऊस आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी हाताखाली काम करायला जातो. पगार म्हणजे फुटकी अंजिरं.

इथे बहुतेक सगळीकडे एकच जात, मासुई दोफिन. हिरोशिमाच्या मासुई नावाच्या माणसाने १९०९ साली अमेरिकेतून आणलेली. फळ मोठं, तपकिरी-जांभळं, गोडी मध्यम. (आपल्या पुरंदरी अंजिराची गोडी तिला नाही. हे सासऱ्यांसमोर बोलत नाही.)

ग्रीनहाऊस इथे दोन कारणांनी करतात. पहिलं कारण भाव. पानगळ होऊन छाटणी झाली की डिसेंबर-जानेवारीत आतली हवा तापवायला घेतात, झाडाला वसंत आल्याचं भासवतात. मग एप्रिल-मेपासून माल निघतो. उघड्यावरचं अंजीर ऑगस्टमध्ये सुरू होतं, तोवर यांचे पैसे झालेले असतात. अर्थात रॉकेलचं बिल भरून उरले तर.

दुसरं कारण पाऊस. अंजिराचा डोळा पिकताना उघडतो. त्यात पाणी गेलं की फळ आतून आंबतं, चिलटं जमतात, आणि शेजारची फळंही जातात. डोक्यावर प्लास्टिक असलं की एवढं एक संकट टळतं. याउलट छताखाली लाल कोळी ही कीड जोर धरते, कारण हवा कोरडी आणि गरम. फुलकिडेही मोठी डोकेदुखी. ते फळ लहान असतानाच डोळ्यातून आत शिरतात. बाहेरून फळ देखणं आणि कापलं की आत तपकिरी सड. म्हणून जमिनीवर चकाकणारा कागद अंथरतात, उजेड खालून परतला की फुलकिड्यांची दिशाभूल होते. काही जण तर त्या नाजूक दिवसांत प्रत्येक फळाच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावतात. प्रत्येक फळाच्या! जपानी चिकाटी म्हणतात ती हीच असावी.

आता काचघरताईंच्या मूळ दुखण्याकडे. तो मधला थांबा तोडायची इथे एक जुनी रीत आहे, ती मुळात भूमध्य समुद्राकडची. डोळ्यात तेलाचा थेंब. ऑलिव्ह, सरकी, कुठलंही खायचं तेल चालतं. बारीक कुंचल्याने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने फक्त डोळ्याला लावायचं. तेल आत गेलं की फळात इथिलिन तयार व्हायला लागतं आणि ते तिसऱ्या टप्प्यात उडी घेतं. नैसर्गिकरीत्या पिकायला अजून दोन आठवडे असतील तर आठवड्याभरात पिकतं.

खरी गोम वेळेची आहे. दुसऱ्या टप्प्याच्या अगदी शेवटी लावायचं. फळाचा हिरवा रंग किंचित उतरायला लागतो, डोळ्याभोवती लालसर झाक येते, तेव्हा. खात्री नसेल तर एक फळ बळी द्यायचं, कापून बघायचं. आतली फुलं गुलाबी व्हायला लागली असतील तर बाकीच्यांना लावा, पांढरी असतील तर थांबा. घाईने लावलं की फळ मऊ होतं पण लहानच राहतं, चव पाणचट. आणि एका काडीवर एका वेळी सगळ्यात खालचं एकच फळ, फार तर दोन. झाड एकदम दहा फळं भरू शकत नाही.

बापू_सोनोरीकर | ५ ऑगस्ट, दुपारी २:१०

नानासाहेब, माहिती भारी. पण तेल लावून पिकवलेलं फळ गोडीला कमी पडतच असणार. आमच्याकडं गिऱ्हाईक बोटानं दाबून सांगतं माल कसा आहे.

नागोयाचा_नाना | ५ ऑगस्ट, दुपारी ३:४५

बापू, मलाही तसंच वाटायचं. वेळ साधली तर मी तरी फरक ओळखू शकत नाही. इथिलिन देणारी औषधं फवारतात तेव्हा मात्र कधी कधी साली मऊ आणि आत कच्चं असा प्रकार पाहिलाय. तेलाचा खरा फायदा गोडीसाठी नाहीच, वेळापत्रकासाठी आहे. मंगळवारी किती पेट्या जाणार हे आधी सांगता येतं.

उंबराचंफूल | ५ ऑगस्ट, सायंकाळी ६:००

याला एक जुना भाऊबंद आहे. इजिप्त आणि सायप्रसकडे उंबरासारखं एक अंजीर असतं, सिकमोर. तिथे पूर्वापार कच्च्या फळाला सुरीने चीर देतात, मग ते काही दिवसांत फुगून गोड होतं. जखमेमुळे इथिलिन वाढतं. ते इथिलिनमुळे होतं हे विज्ञानाला विसाव्या शतकात कळलं. चिरा देणाऱ्यांना त्याआधी हजारो वर्षं रीत माहीत होती.

आणि तापमान राहिलंच. काचघर, ३८ अंशांना झाड मरत नाही, पण इतक्या उष्णतेत पिकलेलं फळ लहान राहतं, साल चामड्यासारखी होते. दुपारी छताची खिडकी आणि दार उघड. तुझ्याकडे खरी अडचण रात्रीची आहे. सप्टेंबरमध्ये रात्र थंड झाली की पिकणं रेंगाळतं. तेव्हा दुपारी तीन-चारच्या सुमारास, काच तापलेली असतानाच, खिडक्या बंद करत जा. आतली ऊब रात्रीला थोडी पुरेल.

सूर्यफूल_७९ | ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

पण ताई, हिरवी तोडून तांदळाच्या डब्यात ठेवली तर? आंबा पिकतो तशी?

उंबराचंफूल | ६ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मऊ होतील, गोड होणार नाहीत. आंब्याकडे तोडताना पिष्टाचा साठा असतो, त्याची पुढे साखर होते. अंजिराकडे असा साठा नसतो, वर म्हटलं तसं साखर शेवटी झाडावरूनच भरते. म्हणून अंजीर झाडावरच पिकवावं लागतं, आणि म्हणूनच ते एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही.

बापू_सोनोरीकर | ६ ऑगस्ट, सकाळी ८:४०

म्हणून तर आमची तोडणी पहाटे. थंड वेळेत तोडायचं, अंजिराच्याच पानांवर पाटीत मांडायचं आणि उन्हं चढायच्या आत पुण्याच्या मार्केट यार्डात. दुपारी तोडलेला माल संध्याकाळी बसतो. २०१६ ला पुरंदर अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, पण पिकलेलं अंजीर मानांकन बघून थांबत नाही.

तोडायचं कधी ते सांगतो ताई. नुसता रंग बघू नका. फळाची मान लवली पाहिजे. ताठ उभं फळ कच्चं. सालीवर बारीक रेघा फुटतात, डोळ्याशी मधासारखा थेंब येतो. तोडल्यावर देठातून पांढरा चीक भळाभळा आला तर एक दिवस घाई झाली समजा. हातमोजे घाला, चीक लागून वर ऊन बसलं की कातडी भाजते.

काचघर | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

किती दिलंत सगळ्यांनी! खताचं राहिलं. टोमॅटोला घालते तेच चालेल ना? आणि शेंड्याकडे अजून वाटाण्याएवढी नवी अंजिरं धरतायत, त्यांचं काय करू?

उंबराचंफूल | ७ ऑगस्ट, सकाळी ७:००

टोमॅटोचं पालाशवालं खत चालेल, फळ रंगायला लागलं की बंद कर. नत्राचं खत अजिबात नको; नुसती पानं माजतील आणि फळ अजून लांबेल.

तुमच्याकडे विनाहीटरच्या ग्रीनहाऊसमध्ये त्या वाटाण्यांचाच हिशोब सगळ्यात महत्त्वाचा. पानं गळायच्या सुमारास झाड बघ. वाटाण्याहून मोठी आणि न पिकलेली फळं काढून टाक, ती थंडीत टिकत नाहीत. शेंड्याजवळची अगदी बारीक मात्र राख, तीच पुढच्या जुलैत पिकतील. यंदा जुलैत तू खाल्लीस ती अशीच गेल्या शरदातली होती. आणि पुढच्या वर्षी मेअखेर-जूनमध्ये नवी फूट पाच-सहा पानांची झाली की शेंडा खुड. धरलेली फळं लवकर भरतात, नाहीतर झाड उंच जात राहतं आणि फळं ऑक्टोबरच्या दारात अडकतात.

निळू_फिरस्ता | ७ ऑगस्ट, दुपारी १२:१०

बर्फी सुरू झाली. धन्यवाद ताई. भाऊ अजून खात नाही, आमचा वाटा वाढला.

काचघर | २९ ऑगस्ट, रात्री ९:००

धागा वर काढतेय. मध्यंतरी एक फळ कापलं, आत पांढरं होतं, म्हणून थांबले. गेल्या आठवड्यात परत कापलं, गुलाबी! प्रत्येक काडीवरच्या सगळ्यात खालच्या फळाला ऑलिव्ह तेल लावलं, निम्म्या काड्या मुद्दाम तशाच ठेवल्या. तेल लावलेली आता दुप्पट झालीत, रंग तपकिरी, माना लवल्या. काल पहिली तोडली. आत गर्द लाल, गोडी जुलैतल्यांपेक्षा नक्की जास्त. बिनतेलाची आज कुठे फुगायला लागलीत.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. म्हणाल्या, "आमच्याकडची एवढी असतात" आणि मूठ दाखवली.

बापू_सोनोरीकर | ३० ऑगस्ट, सकाळी ६:५०

सासूबाई बरोबर बोलल्या. :)

बिनतेलाच्यांची चव नंतर लिहा, शेजारी ठेवून खाल्ल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही.

नानासाहेब, तुम्हाला एक विचारायचं होतं. आमच्याकडं आता पाऊस कधीही येतो, ऐन मीठा बहारात आला की माल फुटतो. अंजिराला पूर्ण पॉलिहाऊस परवडत नाही, ते जरबेरा आणि ढोबळीवाल्यांना ठीक. पण नुसतं वरून प्लास्टिकचं छत केलं तर? आमची झाडं डोक्याच्या वर जातात, छत किती उंच करायचं?

नागोयाचा_नाना | ३० ऑगस्ट, सकाळी ११:२०

बापू, इथे छताआधी झाडच बसकं करतात. खोड गुडघा-मांडीएवढं ठेवून दोन फांद्या डावी-उजवीकडे तारेवर आडव्या नेतात, इंग्रजी टी अक्षरासारख्या. या आडव्या फांद्यांवरून दरवर्षी काड्या सरळ वर घेतात, आलटून पालटून दोन्ही अंगांना, साधारण २० सेंटिमीटरवर एक. अठरा-वीस पेरांवर शेंडा मारतात. प्रत्येक पेराला एक फळ, खालून वर क्रमाने पिकत जातं. हिवाळ्यात काडी परत बुडाकडच्या एक-दोन डोळ्यांवर (काडीवरच्या अंकुरांवर) कापायची. सगळं फळ कमरेपासून हात पोचेल तिथपर्यंत, शिडी नाही, आणि छत अडीच-तीन मीटरवर भागतं. बाजू उघड्या ठेवायच्या, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात आत भट्टी होईल.

एक शंका आहे. मासुई दोफिन नव्या काडीवर भरपूर फळते म्हणून एवढी खालून छाटणी सोसते. पुणेरी अंजीर एवढं कापलेलं सोसेल का हे मला माहीत नाही. तुमच्या जवळच जाधववाडीला अंजीर-सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा आणि आधी एकच ओळ करून बघा.

बापू_सोनोरीकर | ३० ऑगस्ट, दुपारी १२:०५

बांधाकडची एक ओळ म्हातारी झालीय, तशीही काढायचीच होती. तिथं नवीन रोपं लावून तारेवर नेतो. तारेचे आणि आडव्या फांदीचे फोटो टाका जमलं तर, फांदी वाकवताना मोडू नये म्हणून काय करतात ते पण.

नागोयाचा_नाना | ३० ऑगस्ट, दुपारी १:३०

रविवारी जातोय, टाकतो. वाकवायचं काम रस चढायला लागतो तेव्हा, वसंताच्या तोंडाशी, थोडं थोडं करून. एकदम आडवी केली की बुडातून चिरते. खालच्या बाजूला करवतीने दोन-तीन उथळ खाचा घेतात, मग ती बिनबोभाट झुकते.